रामकिसनच्या आवाजाचे तुकडे

९ नोव्हेंबर

संघपाल,

जयभीम. फोन तू उचलत नाहीस, आणि आता उचललास तरी मला काही बोलता येणार नाही. म्हणजे दोघांचीही सोय झाली. तुझा पुण्याचा पत्ता कडुबाने दिला. माझ्या ढोलकीवाल्याला माझ्या मुलाचा पत्ता माहीत असतो आणि मला नसतो, हे मी लक्षात ठेवलं आहे.

जूनमध्ये माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढून टाकली. गळ्याला पुढून भोक ठेवलं आहे, श्वास तिथून घेतो. तंबाखूवरून काही लिहू नकोस, डॉक्टरांनी पुरेसं ऐकवलं आहे. ज्या माणसाचा आवाज सोयगावच्या बाजारात भोंग्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायचा, तो आता पाटीवर खडूने 'चहा' लिहून दाखवतो. बरं, दाखवायचं कुणाला? तुझ्या मायला अक्षर येत नाही. आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तिला काचबिंदू झाला आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा निघत नाही. बाहेर उन्हात तिला माणसाची आकृती तेवढी दिसते, घरात तीही दिसत नाही.

तर आमच्या घरात सध्या असं चालू आहे. ती बोलते, मी ऐकतो. मला काही सांगायचं असलं की मी टाळी वाजवतो. परवा जोरात वाजवली तर म्हणाली, "टाळ्या काय वाजवता? म्या काय कुत्रं हाय व्हय?" मला सांगायचं होतं की दूध उतू जातंय. दूध गेलं.

दुधाचं काही नाही. पण तिला भीती वाटते. मी घरात आहे की नाही हेच तिला कळत नाही. मी गप्प बसलो, आणि आता मी गप्पच बसतो, की ती खोलीभर भिंतीला हात लावत मला शोधते. हात माझ्या खांद्याला लागला की नुसतीच 'हं' म्हणते आणि परत कामाला लागते. हे मला बघवत नाही.

म्हणून काम सांगतो. तू त्या वर्षी घरात माझं रेकॉर्डिंग केलं होतंस. खिडकीला गाद्या लावून, पंखा बंद करून, मला घामाघूम करून. दोन दिवस माईक चालू होता, तेव्हा गाण्याच्या मधे मधे मी जे बोललो तेही त्यात असणार. मला गाणी नकोत. मधलं बोलणं हवं आहे. तिला हाक मारायला मला माझा आवाज पाहिजे. ते सगळं पाठव, काही न कापता.

गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निशा नावाची मुलगी कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकवते. मी तिथं जातो. होय, तू जे करतोस तेच शिकतो आहे. हसायचं असेल तर हसून घे, पण रेकॉर्डिंग पाठव.

चौदा एप्रिलचा विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

रामकिसन


१५ डिसेंबर

संघपाल,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. समोर कुणी ऐकत नसताना गायची मला सवय आहे.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी निशाला वाटलं, मी पोराची फी भरायला आलेला कुणाचा तरी बाप आहे. बाकी सगळी विशीतली पोरं, कानाला हेडफोन, माना हलताहेत. मी पाटीवर लिहिलं, 'मला आवाज कापायला शिकायचं आहे.' तिने वाचलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि एक खुर्ची मोकळी करून दिली. पुढे काही विचारलं नाही. मुलगी शहाणी आहे.

तुझ्यासाठी हे बाराखडीसारखं असेल, पण मला आता येतं म्हणून लिहितो. आवाज आत गेला की त्याचं चित्र होतं, वर-खाली जाणारी रेघ. ती अखंड दिसते पण नसते. एका सेकंदाचे हजारो बारीक तुकडे मोजून ठेवलेले असतात, आणि भराभर वाजवले की कान फसतो. कापायचं तर रेघ मधोमध शून्यावर येते तिथंच कापायचं, नाहीतर सांध्यावर टक्क वाजतं. हे शिकायला मला तीन आठवडे लागले. पोरं अर्ध्या तासात शिकली, पण त्यांना दुसरं काही येत नाही.

कडुबाने आमच्या गायन पार्टीच्या कॅसेटी पिठाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. गंगापूर तालुक्यातली गावंच्या गावं आहेत त्यात. पण खरखर फार. ती काढायची तर कॉम्प्युटरला आधी नुसती खरखर ऐकवावी लागते, म्हणजे जिथं कुणी गात नाही आणि वाजवत नाही अशी जागा द्यावी लागते. आमच्या कार्यक्रमांत अशी जागा सापडेना, कुणी ना कुणी जयभीम म्हणून ओरडतंच. शेवटी एका ठिकाणी मी पाणी प्यायला थांबलो होतो आणि माणसं गप्प होती, तिथं मिळाली.

मग निशाने माझ्या फोनवर चौकोनांची एक पाटी टाकून दिली. चौकोन दाबला की त्यातला आवाज वाजतो. पोरं त्यात ढोल आणि टाळ्या ठेवतात, मी शब्द ठेवले. 'माय' मिळाला, 'भाकर' मिळाला, 'चला' मिळाला. 'पाणी' तर पोत्याने मिळालं, चवदार तळ्यावर मी काय कमी गायलो आहे? पहिल्यांदा तेच वाजवून बघितलं. फोन लहान स्पीकरला जोडला आणि दाबलं. सभेतलं पाणी ते, लांबलचक, दोन हरकती घेऊन आलेलं. तुझी माय गॅसपाशी होती. आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पानी मागता का सभा बोलावता?" म्हणाली. जूननंतर पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी मला वाटलं की जमलं. पण जमलं नाही. तिचं नाव माझ्या एकाही गाण्यात नाही. गाण्यात कोण बायकोला हाक मारतो? आणि बाकीचं जे आहे ते सगळं उठवणारं. उठा, जागे व्हा, चला, पुढे या. समाजाला उठवण्यात माझी हयात गेली, त्याचा मला अभिमान आहे. पण दिवसभर घरात राबणाऱ्या आंधळ्या बाईला 'उठा' म्हणून काय करू? 'थांब', 'राहू दे', 'बस' असलं काही मी गायलेलंच नाही.

तू म्हणशील, आवाज कापला म्हणून तुम्ही माझ्या डीजेच्या गाडीवर चढून वायरी उपटल्या आणि आता स्वतःच कापत बसले. ते वेगळं होतं. बाबासाहेबांवरचं माझं गाणं तू बारीक करून, पळवून, खाली धडधड लावून क्रांती चौकात मिरवणुकीतल्या पोरांना नाचायला दिलंस. मला माझाच आवाज चिमणीसारखा ऐकू आला. भर चौकात तुझ्या कानाखाली वाजवली, ती वाजवली. घरात पाय ठेवू नकोस म्हणालो, ते म्हणालो. त्यावर मी काही लिहिणार नाही. पण रेकॉर्डिंग पाठव. ते माझ्यासाठी नाही.

रामकिसन


२१ जानेवारी

संघपाल,

कुरिअर मिळालं. पेन ड्राइव्ह काढून घेतल्यावर पाकिटात चिठ्ठी शोधली. नव्हती. तरी पाकीट उलटं करून झटकलं.

क्लासमध्ये हेडफोन लावून ऐकलं. माझा आवाज इतक्या जवळून मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. रडलो. गळ्याला भोक असलं की रडण्याचाही आवाज होत नाही, त्यामुळे पोरांना कळलं नाही. निशाला कळलं असेल, तिने पंखा वाढवला.

त्यात तूही आहेस. पहिल्याच गाण्यानंतर तू म्हणतोस, "अण्णा, जरा मागं सरका. लाल लाईट लागतीय, आवाज फाटतोय." त्यावर मी म्हणतो, "माझा आवाज फाटत नाय. तुझी मशीन फाटकी हाय." आणि मागे सरकत नाही. आता शिकलो की मशीनला वर एक छत असतं. आवाज त्याच्यावर गेला की वरचा भाग सपाट कापला जातो, आणि तो कुणाला परत आणता येत नाही. माझ्या सगळ्या चढ्या जागा सपाट आहेत. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही, एवढंच लिहितो. यातून जास्त अर्थ काढू नकोस.

गाण्यांच्या मागे सारखी एक खुडबुड होती. मी खरखर काढतात तशी काढून टाकली, आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. निशा म्हणाली, एकदा न काढता ऐका. ऐकलं तर ती खुडबुड तुझ्या मायची. बांगड्या, पातेल्यावरचं झाकण, मधेच दाबून खोकणं. पंखा बंद होता म्हणून बिचारी पदराने वारा घेते आहे, तेही ऐकू येतं. काढलेलं सगळं परत घातलं.

मग तिचं नाव शोधलं. चारचौघांत मी तिला संघपालची माय म्हणतो, पण घरात गोजरे म्हणतो, तुला माहीत आहे. गोजरे सापडलं, पुष्कळ सापडलं. गोजरे, पानी आण, किती येळ? गोजरे, दार लाव. गोजरे, भांडी वाजवू नको. गोजरे, गप ऱ्हाय जरा, इथं काम चालू हाय. दोन दिवसांत दुसरं काही नाही. शेवटपर्यंत ऐकलं, परत पहिल्यापासून ऐकलं.

मी रागावलेलो नव्हतो. माझं बोलणंच तसं आहे, हे तिलाही माहीत आहे.

मी नुसतं 'गोजरे' कापून घेतलं आणि रमाईच्या गाण्यातला 'माझी' त्याच्यापुढे जोडला. वाजवलं तर एक माणूस गातो आहे आणि दुसरा कुणीतरी मधेच खेकसतो आहे. निशाने सूर खाली आणून दिला, वेग कमी केला, घुमारा दिला. घुमाऱ्यात तेच खेकसणं मोठ्या खोलीत केल्यासारखं वाटलं. मी पाटीवर लिहिलं, 'अजून मऊ कर.' तिने हेडफोन उतरवला.

"काका, सूर खाली आणता येतो," म्हणाली. "वैताग काढायचं बटण नसतं."

मला वैताग आलेला नव्हता, असं मी तिला लिहून दाखवलं. ती हो म्हणाली. शिकवणारी माणसं अशीच हो म्हणतात.

तर एक विचारतो. तुझ्याकडे अजून काही आहे का? दुपारी आपण तिघं जेवायला बसलो होतो, तेव्हा माईक चालू राहिला असेल. ती वाढत असेल, मी काहीतरी बोललो असेन. भाजी चांगली झाली म्हणालो असेन. एखादं वाक्य, जिथं मी तिच्याशी नीट बोललो आहे. एवढं शोध. मी पुन्हा मागणार नाही.

रामकिसन


११ मार्च

संघपाल,

कडुबाने तुला निशाचा नंबर दिला होता, तिच्या फोनवर तुझा निरोप आला. "दोन्ही दिवस पुन्हा ऐकले. तसं वाक्य नाही." बरं. ऐकलंस तरी.

माझी गाठ परत आली आहे, आता खाली अन्ननलिकेवर. डॉक्टर पुढच्या उपायाचं काही बोलत नाहीत, म्हणजे काय ते मला कळतं. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली आहे. दूध, डाळीचं पाणी, औषध, सगळं तिथून. तुझ्या मायला हे सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यातून आलो तेव्हा कडुबाने तिला सांगितलं की तपासणी झाली, ठीक आहे. नळीत मी ती मोरीवर असताना ओतायचो. ती दोन वेळा भाकरी करून ताट समोर ठेवायची. मी वाटी ताटावर वाजवायचो, पाण्याचा ग्लास उचलून आपटायचो, म्हणजे माणूस जेवतो आहे असं ऐकू येईल. मग ताट डब्यात भरून कडुबाकडे जायचं. आवाजाचं इतकं शिकलो ते असं कामाला आलं. ती विचारायची, आज तिखट झालं का, आणि मला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुपारी मी पलंगावर होतो. ती अंगणातून आत आली आणि नेहमीसारखी भिंतीला हात लावत मला शोधू लागली. मी टाळी वाजवली, तिला ती शेजारची वाटली. ती परत दाराकडे गेली आणि बाहेर तोंड करून मला हाका मारायला लागली, अहो, अहो, कुठं गेले? आवाज रडवेला झाला होता. मी घाईघाईने फोन घेतला. नुसतं 'गोजरे' दाबायचं होतं. शेजारचा चौकोन दाबला गेला आणि सगळंच्या सगळं वाजलं. गोजरे, पानी आण, किती येळ?

ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा मी बघत होतो. तो एकदम निवळला. "आले, आले," म्हणाली आणि भराभर माठाकडे गेली, कुठं न अडखळता. मी खेकसलो याचा तिला आनंद झाला, संघपाल. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा तिला घरात सापडलो.

ग्लास माझ्या हातात देऊन ती उभी राहिली. तुला आठवत असेल, ग्लास परत हातात येईपर्यंत ती हलत नाही, आयुष्यभर हलली नाही. मी ग्लास धरून बसलो. ती माझा घोट ऐकायला थांबली होती. मी ग्लास आपटला तर म्हणाली, "भरल्या गिलासाचा आवाज हाय हा. प्या की." मग तिने हात पुढे केला, ग्लास चाचपला, तिथून माझा हात, मग तोंड. आणि बोटं नळीला लागली. नाकापासून कानामागे चिकटपट्टी लावली आहे तिथपर्यंत तिने बोट फिरवलं.

"ही कवापासून?" म्हणाली.

माझ्याकडे काय होतं? उठा होतं, चला होतं.

"म्हंजी तुम्ही जेवतच नव्हते," म्हणाली. "मग पानी कशाला मागितलं वो?"

मी तिचा हात धरला.

त्या दिवसापासून ती पलंगाच्या दांडीला धरून उभी असते. मी पुन्हा हाक मारीन आणि तिला लांबून ऐकू यायचं नाही, असं तिने डोक्यात घेतलं आहे. तिचे पाय सुजले आहेत. मी हात धरून खाली बसवायला ओढतो, तर तिला वाटतं मला काही हवं आहे. "काय पाहिजे? पानी? पांघरूण?" असं विचारत राहते आणि आणखी सरळ उभी राहते. कडुबाने सांगून बघितलं. त्याला म्हणाली, "तुमाला काय ठावं, ते हाक मारतेत." फोन मी उशीखाली ठेवला आहे, ती हाक पुन्हा वाजवलेली नाही.

'बस' बनवायचा प्रयत्न केला. एका गाण्यातून पहिलं अक्षर घेतलं, दुसऱ्यातून दुसरं, सांधा शून्यावर धरला, टोकं उतरती केली. निशाने सगळं करून बघितलं. घरी येऊन वाजवलं तर माय म्हणाली, "काय वाजलं ते? मशीन बिघडली का तुमची?" इतक्या वर्षांचा आवाज, आणि त्यात एवढं एक निघत नाही.

तुझा आवाज माझ्यावर गेला आहे. रेकॉर्डिंगमध्ये तू मागं सरका म्हणतोस तेव्हा निशालाही क्षणभर कळलं नाही कोण बोलतंय. ती म्हणाली, त्यांच्याकडून एक शब्द मागवून घ्या, मी चौकोनात टाकून देते. मी नको म्हणालो. ते पाठवू नकोस.

घरात पाय ठेवू नकोस असं तुला कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. तू दोन्ही दिवसांचं सगळं ऐकलं आहेस, मीही ऐकलं आहे. त्यात ते वाक्य कुठं नाही. तेव्हा मी ते म्हणालो नाही असं धर.

रेल्वे स्टेशनवरून रिक्षा मिळते, कडुबा घ्यायला येतो म्हणतो. येताना मशीन आणू नकोस. दार उघडंच असतं. माय पलंगापाशी उभी असेल. मी कसा दिसतो ते नंतर बघ. आधी तिला बस म्हण.

अण्णा